गोठ्यातली मोटार

बाबा अकोल्याला माझ्यासाठी मुलगा पाहायला गेले आणि मोटार घेऊन आले.

आत्या दारातच उभी होती. बाबांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं, आत्याने दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकला. मुलगा कसा आहे, असं तिने विचारलं. "बरा आहे," बाबा म्हणाले. मग गूळ विरघळेपर्यंत थांबून म्हणाले, "चारी टायर बदलावे लागतील. टपाचं कापड तर उंदरांनी पारच खाल्लंय." आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मला हसू यायला हवं होतं, हे मला कळलं. आलं नाही.

मुलाच्या घराशेजारी एका कापसाच्या कंपनीच्या साहेबाचा रिकामा बंगला होता. साहेब स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी विलायतेला गेला आणि त्याची उघडी दोन दारांची मोटार निंबाखाली तशीच राहिली. बंगला राखणाऱ्या माळ्याच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत. मुलाच्या वडिलांशी देण्याघेण्याचं बोलणं चाललेलं असताना बाबांना खिडकीतून तिचा एक दिवा दिसत होता म्हणे. बोलणं संपल्यावर ते उठून तिच्याकडे गेले. मुलगा किती शिकलाय, हे त्यांना नंतर पत्र पाठवून पुन्हा विचारावं लागलं.

तेव्हा आई जाऊन तीन महिने झाले होते. ती वैशाखात गेली, नागपूरच्या दवाखान्यात. मी नागपुरातच होते, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात, शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. अमरावतीला मी आले ती सगळं झाल्यावर. घरात बायका बसल्या होत्या आणि मी दिसताच त्यांनी रडण्याचा आवाज वाढवला. मी उंबऱ्याशी उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, पोरीला रडवा, नाही तर छातीत बसेल. दोघीतिघींनी मला जवळ घेऊन आईच्या आठवणी सांगितल्या, तिचं लुगडं माझ्या हातात दिलं. लुगड्याला हिंगाचा वास होता. मी त्याची घडी घालून ठेवली. त्यानंतर मला रडवण्याचा नाद सगळ्यांनी सोडला, पण आत्या मात्र माझ्याकडे अधूनमधून, दूध उतू जातंय का हे पाहावं तशी पाहायची.

आत्या बाबांची बहीण. लवकर विधवा झालेली, आमच्याकडे येऊन घर सांभाळायला लागलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. घरात मृत्यू झाला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षांत मुलगी एकवीस वर्षांची होईल, तीही इंग्रजी शाळेत शिकलेली, तोंडातून शब्द न काढणारी. कोण करील? म्हणजे पुढच्या वैशाखाच्या आत उरकायचं. मला कॉलेजात जायचं होतं. परीक्षेच्या आधी आईने बाबांजवळ तो विषय काढला होता आणि बाबा "पाहू" म्हणाले होते. आता तो विषय काढणारं माणूसच राहिलं नव्हतं. मी काढू शकत होते. रोज सकाळी बाबा पक्षकारांचे कागद वाचत बसत, मी चहाचा कप ठेवी, आणि काढत नसे.

आजही कोणी मला विचारतं, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? मी पुढे पस्तीस वर्षं मुलींच्या वर्गासमोर उभं राहून बोलले आहे, त्यामुळे त्यांना ते खरं वाटत नाही. मला भीती नव्हती वाटत. शाळेत आम्हाला सिस्टर सांगत, विचारल्याशिवाय बोलू नये. मला कोणी विचारत नव्हतं, एवढंच.

मोटार श्रावणात आली, रुईच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर दोरांनी बांधून, तोंड मागे करून. गल्लीतली माणसं जमली. तिचा हिरवा रंग कुठे कुठे उरला होता, बाकी गंज. नाकावरचं नावाचं पितळी चिन्ह कोणीतरी उखडून नेलं होतं, त्यामुळे ती कोणत्या जातीची हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येईना. तिला ठेवायला जागा एकच होती, गोठा. आमची गाय आई दवाखान्यात गेल्यावर मामाने धामणगावला नेली होती. गव्हाण तशीच होती, खुंटा तसाच. बाबांनी गव्हाण पाडू दिली नाही, म्हणून मोटारीची मागची बाजू कायम दोन हात बाहेर राहायची. आत्या म्हणाली, "गाय होती तर दूध तरी देत होती."  आई गेल्यापासून बाबाही कमीच बोलत. कोर्टातून आले की कोट काढून सरळ गोठ्यात जात आणि मोटारीभोवती एक फेरी मारत.

मोटार दुरुस्त करायला बाबांनी मिस्त्री बोलावले, त्यांचं नाव किसन. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पलटणीच्या गाड्या दुरुस्त करत होते. परत आल्यावर भातकुलीच्या रस्त्यावर त्यांनी टिनाचं शेड टाकलं होतं. त्यांच्या शेडमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याला रोज ताजं फूल असे; त्यांच्या घरच्यांनी दोनतीन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती. मोटार पाहून त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग म्हणाले, "जीव हाये. पन वेळ लागन, वकीलसाहेब." बाबांनी किती म्हणून विचारलं. "ते हिच्यावर हाये."

पहिल्याच आठवड्यात त्यांना मागच्या बाकाखाली एक पुस्तक सापडलं. कडा उंदरांनी कुरतडलेलं, तेलाचे डाग पडलेलं, इंग्रजी. मोटारीच्या मालकासाठी छापलेलं. मिस्त्रींना अक्षरओळख मराठी, आणि अशी गाडी त्यांनी खोलली नव्हती. बाबांना इंग्रजी येत होतं, पण ते दिवसभर कोर्टात. तेव्हा बाबा मला म्हणाले, "बेबी, तू वाचून दाखव." घरात मला बेबी म्हणत.

अशी मी गोठ्यात बसायला लागले. दुपारी गव्हाणीच्या कठड्यावर मी, हातात पुस्तक, आणि मिस्त्री गाडीच्या खाली. फक्त त्यांचे पाय दिसत. ते म्हणत, "किलचचं पान काढा, ताई," आणि मी ते पान काढून एक वाक्य मनात वाचून मग मराठीत सांगे. मराठीतून मोटारीबद्दल बोलायचं मला ठाऊक नव्हतं. मी म्हणे, "तो जो लांब दांडा आहे, त्याच्या टोकाला जी चकती आहे, ती आधी सोडवावी." खालून आवाज येई, "समजलं. पुढं." दिवसाला शंभरेक वाक्यं मी बोलत असेन. त्यातलं एकही माझं नव्हतं. मला ते बरं वाटे, किंवा त्रासाचं वाटत नसे. त्या वर्षात या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नव्हत्या.

पुस्तक फार सभ्य होतं. मालकाने अमुक करावे अशी विनंती आहे, तमुक न केल्यास खेद होईल. एका पानावर लिहिलं होतं की कडाक्याच्या थंडीत रात्री गाडीतलं पाणी काढून ठेवावं, गोठून पत्रा फुटतो. मी ते सांगितलं तेव्हा मिस्त्री खालून सरकत बाहेर आले. ऑक्टोबरचं ऊन होतं, त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "हे काय म्हून राहिलं पुस्तक? इथं मानूस उकळून राहिला अन् याले गोठायची चिंता." ते हसले. माझ्याही घशात काहीतरी हललं. तेवढंच.

त्यांचा चहा आत्या गोठ्याच्या खिडकीत ठेवी, कान तुटलेल्या कपात. तो कप घरातल्या भांड्यांत येत नसे. मिस्त्री चहा पीत, नळाखाली कप धूत आणि खिडकीत पालथा घालून ठेवत. आई असती तर असं झालं नसतं असं मला लिहावंसं वाटतं, पण ते मला नक्की माहीत नाही. मी रोज तो कप पाहत होते. त्याच वेळी त्यांना पुस्तकाचं पान दाखवत होते. मी तो कप कधीच बदलला नाही. हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

दिवाळी आली आणि गेली. सुतकाच्या वर्षात आमच्याकडे सण नव्हता. शेजारणीने गोळाभात आणि कढी पाठवली. आईचे गोळे तोंडात फुटत, हे चावावे लागत होते. बाबांनी दोन घास खाल्ले आणि गोठ्यात गेले. आत्या मला म्हणाली, "बाईऽ, त्या मोटारीपेक्षा माणसाशी बोल म्हणावं बापाले." ती चिडली की वऱ्हाडी होई. मग पदराने डोळे पुसत तिने छताखालच्या माळ्याकडे बोट केलं. होळी झाली की पिंजारी बोलावू, म्हणाली. वहिनीने एवढं करून ठेवलंय, तेवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे.

माळ्यावर कापसाची दोन गाठोडी होती. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात मामाने आपल्या शेतातला कापूस पाठवला होता. माझ्याबरोबर सासरी द्यायच्या गादीसाठी. जिनाच्या यंत्रातली रुई तापते, तिची गादी लवकर बसते, असं आईचं मत होतं, म्हणून तिने तो घरीच, सरकी काढायच्या हातरेच्यावर काढला. हातरेच्यात सगळी सरकी निघत नाही, बारक्या, फुटक्या, चुकार राहतात. त्या ती बोटांनी वेचायची. मी नाताळच्या सुट्टीत घरी आले होते तेव्हा रोज दुपारी ती खिडकीशी बसलेली असे, मांडीवर रुईचा ढीग, पुढ्यात सूप. सरकी सुपात पडली की टिक असा अगदी बारीक आवाज होई. तिचं बोलणं, हसणं, माझी इंग्रजी पुस्तकं हातात घेऊन उलटी धरणं, यातलं बरंच आता पुसट झालंय. तो टिक आहे. सूप भरलं की ती उठून ते गायीपुढे रिकामं करी. मग तिला ताप येऊ लागला आणि ते काम तसंच राहिलं. दोन्ही गाठोडी तिने आपल्या जुन्या लुगड्यांत बांधली होती, एकाच रंगाच्या.

पौषात मोटारीचं इंजिन पहिल्यांदा चालू झालं. मिस्त्रींनी हँडल मारलं, ते दोनदा उलटं बसलं, तिसऱ्यांदा धूर आला आणि गोठ्याच्या टिनावर बसलेली कबुतरं उडाली. बाबांनी चष्मा काढून पुसला. आता राहिले होते टप आणि पुढच्या दोन जागा. मागचं बाक शाबूत होतं, पण पुढच्या गाद्या कोंबड्यांनी आणि उंदरांनी संपवल्या होत्या. त्यासाठी हुसेनभाईंना बोलावलं. ते गावातल्या टांग्यांच्या गाद्या शिवत. पांढरी दाढी, तोंडात नेहमी दोन टाचण्या. मी पुस्तक काढून सांगितलं की यात घोड्याचे केस भरावे असं लिहिलंय. ते खूश झाले. आमच्या धंद्यात घोड्यांना तोटा नाही, म्हणाले, पण दोन गाद्या भरायला निम्मे टांगे बोडके होतील, काथ्या भरतो.

मी म्हणाले, "कापूस भरा."

मिस्त्रींनी मान वर केली. पाच महिन्यांत मी पुस्तकात नसलेलं असं पहिल्यांदा बोलले होते. हुसेनभाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "बेटी, खुली गाडी हाये. कापूस पानी पेते, अन् पेलं का सोडत नाही."

"टप बसणार आहे," मी म्हणाले. "कापूस घरात आहे. निवडलेला आहे."

"कोनं निवडला?"

"घरच्यांनी."

आत्या देवळात गेली होती. मी माळ्यावर चढले, दोन्ही गाठोडी खाली टाकली, आणि न सोडता त्यांच्यापुढे ठेवली. पिंजायची गरज नाही, असंही सांगितलं. बाबांच्या जागेत एक, माझ्या बाजूच्या जागेत एक. लुगडी मी घडी घालून आत ठेवली. मी हे सूडाने केलं का, गादी गेली की लग्न जाईल असं मला वाटलं का, याचा मी खूप वर्षं विचार केलाय. तसं काही स्पष्ट मनात नव्हतं. माळ्याकडे नजर गेली की तिथे काहीतरी आहे असं वाटायचं, ते नको होतं. बस.

माघाच्या शेवटी अकोल्याहून निरोप आला, मुलगी दाखवायला आणा. बाबांनी मोटार काढायचं ठरवलं. टपाचा सांगाडा बसला होता, वरचं जाड कापड मुंबईहून यायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "टप बसू द्या, मंग जा." बाबा म्हणाले, माघात काय होतंय? आत्या मागच्या बाकावर, रेशमी नऊवारी नेसून, डोक्याला मफलर बांधून. मी पुढे. ती गादी खरोखर फार मऊ होती. बडनेऱ्याचं फाटक ओलांडलं आणि बाबांनी वेग वाढवला, तेव्हा वारा कानात शिरला आणि आत्याची देवांची नावं ऐकू येईनाशी झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आईच्या वेळेपासून मी पाहिलं नव्हतं. मीही बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं. मी डोळ्यांवर आलेले केस मागे घेतले.

मूर्तिजापूरच्या पुढे आभाळ आलं. आधी धूळ, मग थेंब, मग गारा. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आडोसा नव्हता, दोन्हीकडे उभा गहू, तोही आडवा होत होता. आत्याने पितळी डबा रिकामा करून डोक्यावर धरला, त्यावर गारा घणघण वाजत होत्या. आत चिवडा होता तो तिच्या ओटीत भिजला. बाबा माझ्यावर कोट धरून बसले. दहा मिनिटांत सगळं थांबलं आणि ऊन पडलं. आम्ही तसेच अकोल्याला गेलो. मुलाच्या आईने आम्हाला कोरडी लुगडी दिली, पोहे दिले. मला त्यांचं लुगडं आखूड झालं होतं. मी मान खाली घालून बसले. त्यांनी मला स्वयंपाक विचारला, मी उत्तर दिलं. मुलाने इंग्रजीतून माझं नाव विचारलं, मी इंग्रजीतून सांगितलं. तो सभ्य होता. त्याच्याविरुद्ध माझ्याजवळ तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. खिडकीतून निंबाखालची मोकळी जागा दिसत होती, मोटार उभी होती तिथे गवत पिवळं पडलं होतं.

चार दिवसांनी पत्र आलं. मुलगी पसंत. चैत्रातला मुहूर्त धरावा.

आत्याने साखर वाटली. बाबांनी पत्र दोनदा वाचून कोटाच्या खिशात ठेवलं. मला कोणी काही विचारलं नाही. मिस्त्री आठवडाभर चांदूर रेल्वेला बहिणीकडे लग्नाला गेले होते. मोटार आम्ही अकोल्याहून आणून तशीच गोठ्यात लावली होती, वरून ताडपत्री टाकून. उन्हं वाढायला लागली होती. गोठ्यात शिरलं की कोंदट वास यायचा, गाय होती तेव्हाच्यासारखा. मला वाटलं, तो जुनाच वास आहे.

मिस्त्री परत आले त्या सकाळी बाबा कोर्टात जायच्या तयारीत होते. मिस्त्रींनी ताडपत्री ओढली आणि उभेच राहिले. "वकीलसाहेब," त्यांनी हाक मारली, मोठ्याने नाही. "थोडं या इकडं."

मीही गेले. बाबांच्या जागेच्या शिवणीतून, जिथे बसणारी गादी आणि पाठीची गादी मिळते तिथून, हिरवी रोपं वर आली होती. पंधरावीस असतील. प्रत्येकाला दोन गोलसर पानं, पिवळट देठ, गोठ्याच्या दाराकडे वाकलेली. वऱ्हाडात कोणाला कापसाचं रोप ओळखायला दुसऱ्यांदा पाहावं लागत नाही.

"पऱ्हाटी हाये," मिस्त्री म्हणाले.

आत्या ओट्यावरून पाहायला आली. तिला वाटलं, गाडीत उंदीर निघाला. तिने रोपं पाहिली, मग शिवण बोटाने फाकवली, ओली रुई चिमटीत धरून बाहेर काढली, आणि माळ्याकडे न जाताच तिला कळलं. ती म्हणाली, "ही वहिनीची रुई आहे." माझ्याकडे पाहिलं नाही.

मिस्त्रींनी चाकूने बाबांची गादी उसवली. आतून वाफ आल्यासारखा वास आला. रुई काळी पडली होती, तिच्यात सरकी ठिकठिकाणी फुगून फुटलेली, पांढरी मुळं धाग्यांत गुंतलेली. मग त्यांनी माझी गादी उसवली. तीही भिजलेली होती. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, उजेडात धरून धागे विलग केले, पुन्हा घातला. बराच वेळ ते शोधत राहिले. "याच्यात एकबी सरकी नाही," ते म्हणाले. "फुटकीबी नाही. बेबीताई, हे कोनं निवडलं होतं?"

मी म्हणाले, "आईनं."

वैशाखापासून मी तो शब्द बोलले नव्हते. हे मला बोलल्यावर कळलं. दोन गाठोडी होती, एक तिचं पुरं झालं होतं, एक व्हायचं होतं. मी न पाहता दिली होती. माझ्या वाट्याला पुरं झालेलं आलं.

बाबा मोटारीच्या पायरीवर बसले, कोर्टाच्या कोटासकट. त्यांनी एक रोप उपटलं नाही, नुसतं बोटाने सरळ केलं. मग विचारलं, "तुझ्या गादीचा कापूस तू यात भरायला दिलास?"

"हो."

"काहून?" बाबा आमच्याशी कधी असं बोलत नसत. हे ते पक्षकारांशी बोलत.

"मला गादी नको होती."

"गादी नको होती," ते म्हणाले, "की…" आणि पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

"दोन्ही," मी म्हणाले. "मला कॉलेजात जायचंय. आईनं तुम्हाला विचारलं होतं."

मिस्त्री हातातली रुई घेऊन गोठ्याबाहेर गेले. आत्या म्हणाली, अकोल्याला शब्द गेलाय, चैत्र पंधरा दिवसांवर आलाय, यानंतर तीन वर्षं. बाबा म्हणाले, "हो, तीन वर्षं." मग म्हणाले, "तीन वर्षांत पदवी होते." त्यांनी खिशातून पत्र काढलं, पाहिलं, आणि उठून अकोल्याला गेले, पॅसेंजरने, मोटार नव्हतीच चालवण्यासारखी. रात्री आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की त्या लोकांनी फार वाईट वाटून घेतलं नाही, आणि मुलाच्या आईने आपलं लुगडं परत पाठवायची आठवण केली आहे.

आत्या माझ्याशी बोलेना. मी मोठं होऊन पाहिलं तेव्हा मला कळलं की तिला माझी काळजी होती, दुसरं काही नव्हतं. एकट्या बाईचं काय होतं ते घरात तिच्याएवढं कोणाला माहीत होतं? तेव्हा एवढं कळत नव्हतं. तेव्हा मी दोन्ही गाद्यांमधली रुई गच्चीवर चादरीवर पसरून वाळवली. काळी झालेली वेगळी काढली. बाबांच्या जागेत हुसेनभाईंनी काथ्या भरला. माझ्या जागेत आईची रुई परत गेली. त्यामुळे ती मोटार पुढे नऊ वर्षं, म्हणजे बाबांनी ती विकेपर्यंत, अशी होती की बाबा उंच आणि ताठ बसत, आणि मी त्यांच्या शेजारी चार बोटं खाली.

बाबांच्या जागेतली वाचलेली रुई राहिली होती. तिच्यात अजून सरकी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ती घेऊन खिडकीशी बसले. मला ते काम येत नव्हतं. आई धागा न तोडता सरकी काढायची, माझ्या नखात धागे अडकत. काढलेली सरकी मी मुठीत धरून ठेवत होते, कारण सूप आत होतं आणि मला उठायचं नव्हतं. थोड्या वेळाने आत्या आली. तिने माझ्यापुढे सूप ठेवलं. जाईल असं वाटलं, पण ती समोर बसली, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून, आणि माझ्या मांडीवरचा निम्मा ढीग ओढून घेतला. गोठ्यात मिस्त्री काहीतरी घासत होते, मग तेही थांबले. मी मूठ उघडून सरकी सुपात सोडली आणि पुढची शोधू लागले. ती सापडायला वेळ लागला. टिक झालं तेव्हा आत्याने मान वर केली. तिनेही ते ऐकलं होतं.